मोरीकडचं अळू

सकाळी साडेसातला नौपाड्यातून बस,
माणशी साडेचारशे, नाश्ता धरून.
कुमुद खिडकीशी, मी तिच्या पिशवीशी.
आदल्या रात्रीचं भांडण
आम्ही दोघांच्या मध्ये सीटवर ठेवलं होतं.
कुणी जागा मागितली असती
तर उचलून मांडीवर घेतलं असतं.

कोलशेतला उतरल्यावर छातीवर चिकटवायला
गोल पिवळे स्टिकर.
शर्वाणी नावाची मुलगी, कमरेला बॅटरीचा डबा,
गालाशी माइक:
‘हे चित्रकार भार्गव खोपकरांचं घर.
ही त्यांची आरामखुर्ची. बसू नये.
हा चष्मा. ह्या खिडकीतून त्यांना खाडी दिसायची.’
आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं.
समोरच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर
कुणीतरी चादर झटकत होतं.
‘दिसायची,’ ती पुन्हा म्हणाली
आणि आम्हाला पुढच्या खोलीत घेऊन गेली.

तिथे चाळीस चित्रं, सगळी बागेची.
कर्दळ. अनंत. पुन्हा कर्दळ, आजारपणातली,
कडा सुटलेली, लाल रंग फुलाबाहेर सांडलेला.
एका गृहस्थांनी विचारलं, आज किती येतील ह्याचे?
शर्वाणीनं आकडा सांगितला.
मग सगळ्यांनी कर्दळ पुन्हा नीट पाहिली.

बाहेर बागेत कर्दळी होत्या, पण नर्सरीतल्या,
चित्रं बघून त्याच ओळीत लावलेल्या.
फरशीवर दोन पावलं रंगवलेली:
इथे उभे राहून फोटो काढा.
मी त्या पावलांवर उभा राहिलो.
फोटो काढायला कुमुद नव्हती.

ती घरामागे, मोरीपाशी, उकिडवी बसलेली.
तिथे एक दगडी डोण,
खोपकर कुंचले धुवायचे ती.
आत थरावर थर, निळं, गेरू, पुन्हा निळं,
नखानं खरवडलं तर पंचवीस वर्षं निघतील.
आणि डोणीचं पाणी जिथे बाहेर पडतं
तिथे अळू.
सुपाएवढी पानं.
कुणी न लावलेलं, पाटी नसलेलं,
सहलीच्या कागदातही नसलेलं.

‘ह्याचं फतफतं करता का हो?’ तिनं माळ्याला विचारलं.
हसुराम भोईर पाइप खाली ठेवून म्हणाला,
‘नको गं बाय. रंगाचं पानी प्यालेलं हाय ते.
साहेबांनी खाल्लं एकदा हट्टानं, घसा धरला,
चार दिस बोलले नाय.
बाईसाहेब म्हनल्या, बरं झालं.’

कुमुद हसली. मोठ्यानं.
पलीकडे माइक क्षणभर थांबला.

हसुरामनं खुरप्यानं एक कांदा उकरून दिला,
चिखलासकट.
तिनं तो इडलीच्या रिकाम्या डब्यात घातला,
झाकण लागेना, तरी लावलं.
परतताना मधल्या जागेत
तो डबा.

आता कोपरीत, पाचव्या मजल्यावर,
तेलाच्या कापलेल्या पत्र्यात ते फुटलंय.
हिरवं. बाजारातल्या जुडीसारखंच हिरवं.
तरी ती रोज नवं पान उलटून बघते,
शिरांमधून कुठे निळं उतरलंय का.

काल मला हाक मारली,
चष्मा घेऊन या म्हणाली.
मी बराच वेळ पाहिलं.
‘आहे थोडं,’ मी म्हणालो.

‘कुठे?
बोट लावून दाखवा.’