दहावीस पायऱ्या

शनिवारी कंपनी बंद. सातपूरहून
एका स्कूटरवर आम्ही चौघं,
पिशवीत चिवडा, आणि घडातून सुटलेले
द्राक्षाचे मणी. वीस रुपयांत एवढे!

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जुई म्हणाली,
मी मोजणार.
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस,
मग जरा थांबून
दहावीस.
हे हसले. मी डोळ्यांनीच दटावलं.

अकरावीसला मुंगळा भेटला.
त्याला एक मणी देऊ केला. घेईना.
बारावीसला ऋजूनं बसकणच मारली,
बूट काढ म्हणाला, मग घाल, मग काढ.
वरून उतरणाऱ्या एक बाई म्हणाल्या,
"राहू द्या हो, लेणी काय पळून जात नाहीत."

नाहीच गेलो वर.
दोन हजार वर्षं बसून आहे तो दगड,
बसेल अजून एक शनिवार.
खाली हायवेवर ट्रक मुंगळ्याएवढे,
तेही जुईनं मोजायला घेतले.

रात्री अंथरुणात तिचे ओठ हलत होते.
वाकून विचारलं, किती झाल्या गं?
डोळे न उघडता म्हणाली,
"तू मध्येच बोललीस.
आता पुन्हा पहिलीपासून."