दोन ओळींची जागा

चव्वेचाळीस साल. पापाच्या तिकटीजवळचा ट्रेडल छापखाना.
बुधवारी रात्री लढाईचं पत्रक सुटायचं,
कागद कोट्यातला, पिवळट, शाई पिणारा.
इटलीची तार मुंबईहून मराठी होऊन आली:
नाईक केरबा चौगले, कागल तालुका,
नदीपल्याडची मशीनगन बंद पाडली.
एवढंच.
कॉलम दोन ओळींनी कमी पडला.
मालक जेवायला गेलेले.
कोरे खिळे बसवले असते तरी चाललं असतं.
मी 'हर हर महादेव' बसवलं,
आणि छातीवर झेललेली एक गोळी.

सेहेचाळीसला तो स्वतःच आला,
खाकी कोट, बगलेत ते पत्रक.
"मास्तर, मी वरडलो न्हाई. तोंडात माती हुती.
आन् शेजारी गणू पडला, त्याचं नाव कुठाय ह्यात?"
तारेत नव्हतं.
मी चहा सांगितला.

पुढं दर साली तालमीत फेटा बांधून
त्याला ती आरोळी द्यायला लावायचे.
पहिल्यांदा नुसता खोकला म्हणे.
बासष्टला, चीनच्या वेळी, तोच मजकूर मी पुन्हा जुळवला;
गिऱ्हाईकानं गोळ्या तीन सांगितल्या.

शेवटी सीपीआरमध्ये भेटलो.
थरथरत्या बोटांनी बंडीची बटणं काढत म्हणाला,
"हितं लागली बघा. तरी वरडलो!"
कातडी सुरकुतलेली, कोरी.
मी चष्मा लावून वाकलो, प्रूफ बघतात तसा,
आणि हो म्हणालो.

गणूचं आडनाव विचारायचं राहिलं.