राजीनाम्याची प्रिंट

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी मथुराताई आल्या,
तहसीलसमोरच्या माझ्या टपरीत.
म्हणाल्या, टाईप कर.
पक्षाचं नाव वर, तारीख उजवीकडं.

आडव्या बाटलीला निम्म्याहून एकोणीस मतं कमी पडली.
यादीत बावीसजणी मेलेल्या.
त्या आल्या नाहीत,
म्हणून दारूचं दुकान राहिलं.

‘पराभवाची नैतिक जबाबदारी’
इथं थांबवलं त्यांनी मला.
नैतिक खोड. नुसती जबाबदारी ठेव.
मग तीही नको. मग, बरं, राहू दे.

भुजंगराव म्हणतात अध्यक्षांनी जावं,
ते एकाही गल्लीत फिरले नव्हते.
सलमाआपा म्हणते, काहून?
पुढची यादी मग कोण तपासायचं, तुझा बाप?
ताई कुणालाच काही बोलल्या नाहीत म्हणे.

प्रिंटर कुरकुरला.
समोर शटर वर गेलं,
दहाला, वेळेवर.
आम्ही दोघांनी ऐकलं.

सहीला पेन मागितला त्यांनी, दिला.
त्या कागद उलटा करून
मेलेल्या बायांची नावं लिहीत बसल्या, वॉर्डाच्या क्रमानं.
सतराव्या नावाशी हात अडला.
ही माझी जाऊ, म्हणाल्या.

पाच रुपये ठेवून
घडी घालून नेला कागद.
कोणती बाजू वर ठेवून दिला,
दिला का,
मला माहीत नाही.
फाईल अजून आहे माझ्याकडं.