पायलीला निळवं

भिवंडीहून शकुंतलाचा फोन: चटणी परत खारट.
"वहिनी, तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना,
अम्माकडनं ग्रॅममध्ये लिहून घे की."

म्हणून रविवारी, विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला काटा
मी सपाट जागा शोधून ठेवला.
सपाट जागा एकच, देवापाशी.
अत्तम्मा उंबऱ्यातूनच बघत राहिली.
काटा म्हणजे तिच्या लेखी कारखान्याचा माणूस.

"सांगा."
"काय सांगायचं त्यात? पायलीला निळवं."

झाली कृती.
पायलीभर भाजके शेंगदाणे, निळवंभर मीठ,
मापटं तिखट, लसूण ओंजळ, जिरं चिमटीनं,
आणि उखळात तेल सुटेस्तोवर हात थांबवायचा नाही.

"पायली शिगेची की सपाट?"
"दुकानदाराची सपाट. आपली शिगेची."

शिगेची: दोन किलो सहाशे वीस.
मापटंभर तिखट: दोनशे चोवीस,
पण मापटं जरा आपटलं की तिखट खाली बसतं
आणि वर दोन चमच्यांची जागा होते.
घनता बरोबर वस्तुमान भागिले आकारमान,
सातवी ब-च्या फळ्यावर मी दरसाल लिहिते.
आज तो भागाकार शिंकत शिंकत केला.

"आणि चिमूट म्हणजे किती?"
एका चिमटीला काटा बोलेचना.
"दहा टाका."
दहा चिमटी जिरं: चार ग्रॅम.
काढून घेतलं. परत दहा: चार.
मला वाटलं बॅटरी उतरली. परत दहा.
चार.

अत्तम्मा आता माझ्याशेजारी येऊन बसली होती.
"हजार विड्यांची तंबाखू तोलून द्यायचे," ती म्हणाली,
"हजार नाही भरल्या तर हप्त्यातनं कापायचे.
जाड झाली तरी छाट, बारीक झाली तरी छाट.
बत्तीस वर्षं, बघ की."
आणि आपल्याच अंगठ्याकडे बघितलं,
उसना घेतल्यासारखं.

राहिलं मीठ.
पितळी निळवं, बुडाला पोचा पडलेलं,
बाहेरून खड्डा, आतून टेंगूळ.
काठोकाठ भरून, बोटानं निपटून, ओतलं:
छप्पन्न.

गड्ड्याच्या जत्रेत दोन निळवी घेतली होती, जोडीची.
एक शकुंतला लग्नात घेऊन गेली,
न वापरलेलं, गुळगुळीत.
मी पोच्याच्या खड्ड्यात पाणी भरलं, ते तोललं,
मिठाच्या हिशेबात बसवलं.
तिच्या निळव्यात एकाहत्तर मावत असणार.

पंधरा ग्रॅम.
एवढं मीठ इतकी वर्षं
आमच्या चटणीत पडलंच नव्हतं,
आणि चव म्हणून आम्ही जी सांगत होतो
तिच्यात हा पोचा होता.

"पडलं होतं का हे कधी, अत्तम्मा?"
"पडलं नाही. मारलं."
कुणाला, ते विचारायला मी तोंड उघडलं
तर ती लसूण सोलायला लागली होती.

संध्याकाळी फोन लावला.
शेंगदाणे दोन किलो सहाशे वीस, मी वाचत गेले,
तिखट दोनशे चोवीस,
मीठ छप्पन्न, मोजून छप्पन्न.
"वहिनी," शकुंतला म्हणाली, "माझ्याकडं काटा कुठाय?"

अत्तम्मानं फोन माझ्या हातातून घेतला.
तेलुगूत दोन वाक्यं बोलली, दुसरं जरा हसून.
पलीकडं भांडी सरकली.
मग भिवंडीतून बत्त्याचा आवाज आला, एकदा.
थोडं थांबून, अजून एकदा,
हलक्या हातानं.