पाठकोरे

परिपत्रक आलं: यापुढे
सर्व छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंना.
परिपत्रक मात्र एकाच बाजूला छापलेलं,
पाच प्रती, पाठी कोऱ्या.
निरभवणेंनी त्याच संध्याकाळी पिशवीत टाकल्या.

त्र्यंबक नाक्यावरचं ऑफिस,
दुसरा मजला, खिडकीशी प्रिंटर.
जानेवारीत इथली थंडी इतकी कोरडी
की कागदाला कागद चिकटतो,
दोन पानं एकदम आत जातात
आणि मशीन खाकरून थांबतं.
मग कुणीतरी हाक मारतं, निरभवणे!

ते येतात, स्वेटरच्या बाह्या सारतात,
मागचं दार उघडतात,
चुरगळलेलं पान दोन्ही हातांनी धरून
ज्या वाटेनं चाललं होतं त्याच वाटेनं ओढतात.
"उलटं ओढलं की फाटतं, मॅडम.
तुकडा आत राहतो. मग बसा दिवसभर शोधत."
नवी रीम फोडतात,
अंगठ्यानं कडा फुलवतात, फर्रर्र,
गठ्ठा टेबलावर ठोकतात, आधी लांबीवर, मग रुंदीवर,
आणि तव्यात भाकरी टाकावी तसा
कड न दुमडता ट्रेमध्ये सोडतात.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
नोटांच्या कागदाशी.
मोजदाद चुकली तर कुणी घरी जायचं नाही.
भोंगा झाला की गेटवर अंगझडती,
चपला काढून, डबा उघडून.
"बोटाएवढा कागद बाहेर आणला नाही कधी.
बायको म्हणायची,
किराण्याच्या यादीपुरता तरी आणा."

म्हणून इथले पाठकोरे.
रद्दीच्या खोक्यातून निवडायचे,
पिना नखानं उपटायच्या,
दाभणानं टोचून दोऱ्यानं शिवायची वही.
नातीची बारावीची गणितं
थकबाकीदारांच्या यादीमागे.

आता पानं दोन्हीकडून काळी.
मीही शिकले: आधी विषम पानं,
मग गठ्ठा पालथा, मग सम.
पान वहीसारखं उलटायचं
की भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, ते आधी ठरवायचं.
पहिल्याच आठवड्यात साहेबांचा
अर्धा अहवाल शीर्षासन करत होता.

निरभवणे खोकं चाळायचे,
एकेक पान उलटून बघायचे, परत ठेवायचे.
काही म्हणायचे नाहीत.

तेव्हापासून माझे मसुदे विषम निघतात.
सात पानं. अकरा. तेरा.
सहावं पान संपत आलं
की समास थोडा वाढवते,
दोन ओळी खाली ढकलते.
सातव्यावर फक्त "आपली विश्वासू"
आणि सहीसाठी रिकामी रेघ.
साहेब लाल शाईनं परत करतात,
मी दुरुस्त करते, पुन्हा छापते, पुन्हा विषम.
"देवळेबाई, हे एवढंसं
मागच्या पानावर बसलं असतं की."
"फॉन्टमुळे, सर."

काल खोक्यातून त्यांनी एक पान उचललं.
मागून कोरं. पुढं माझं नाव.
खिडकीच्या उजेडाला धरलं, जुन्या सवयीनं,
आत काही दिसतंय का बघायला.
मग माझ्याकडे पाहिलं.
"मॅडम, समास जरा जास्त झालाय,"
म्हणाले,
आणि घडी न घालता
पान पिशवीत सरकवलं.