तक्रार: घुबड बोलत नाही

पुंता आरेनासमध्ये कुणाच्याही घरात आधी वारा शिरतो,
मग मी, आणि माझ्यामागून माझी पेटी:
दोन स्क्रू-ड्रायव्हर, दाढीचा जुना ब्रश,
फडक्यात गुंडाळलेल्या चार सीडी.

सहा वर्षं झाली या धंद्यात. दुखणी तीच ती.
सीडीवर जॅमचा अंगठा.
रंग सोळावर अडकलेले, म्हणून भूगोलातला समुद्र जांभळा.
पडदा म्हणतो दुसरी डिस्क घाला,
आणि दुसरी डिस्क टेबलाच्या लंगड्या पायाखाली.
एकदा पंख्यात मांजराची एवढी लव निघाली
की दुसरं मांजर झालं असतं.

बार्रिआंकडे मात्र
घुबड बोलत नव्हतं.

"गणिताचं घुबड," एलिसेओ म्हणाला,
डॉक्टरपुढे धरतात तशी टोपी हातात धरून.
माद्रिदचं घुबड ते, 'सिंको'ला 'थिंको' म्हणायचं,
आमच्याकडे तसं कुणी बोलत नाही.
संगणक फ्री झोनमधला, हप्त्यांवर, सात हप्ते बाकी.
आणि पहाटे त्याला निघायचं होतं
सामुद्रधुनीतल्या तेलाच्या फलाटावर, चौदा दिवस.
त्याआधी घुबड बोलायला हवं.

मी साउंड कार्ड उपसलं, पुसलं, परत बसवलं.
ड्रायव्हर काढला, घातला.
तीनदा बंद, तीनदा चालू.
दर खेपेला आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे
गाडी येणाऱ्या वळणाकडे बघावं तसे बघत बसलो.
रूथने दिलेला माते निवला.
दारात नऊ वर्षांची नोएलिया, मोज्यांवर मोजे,
जरा जास्तच लक्ष देऊन उभी.

शेवटी बघितलं ते, जे पहिल्यांदा बघायचं असतं,
जे पहिल्याच दिवशी शिकवतात:
स्पीकरची वायर लावली आहे का?
लावलेली नव्हती. वायरच नव्हती.

ती निघाली पोरीच्या रबरी बुटात,
नीट वेटोळं घालून, वर दोरा बांधून,
उसनी आणलेली वस्तू ठेवावी तशी.

माझी वायर जोडली. घुबडाने विचारलं, सात आठे?
मी मुद्दाम पंचावन्न दाबलं.
घुबड हसलं.
मोठ्याने नाही. नाकातल्या नाकात.
शाळेत एखादीच बाई अशी हसते
आणि ती आयुष्यभर ऐकू येते.

"हे रोज?" एलिसेओने विचारलं.
नोएलियाने मोज्यांकडे बघत मान हलवली.

आवाज एका फोल्डरमध्ये राहतात, रांगेत:
टाळ्या, घंटा, दार, हसणं.
हसणं मी काढून टाकलं. जागा रिकामी झाली.
पेटीच्या तळाशी एक स्वस्तातला माइक होता.

"काय बोलू?"
"कुणी चुकलं की काय म्हणतोस?"
"वेल्डिंग चुकलं की शिवी देतो."
"ती सोडून."

पहिल्यांदा तो नुसताच खाकरला.
दुसऱ्यांदा ओरडला, फलाटावर ओरडतात तसा.
तिसऱ्यांदा खिडकी खडखडली, वारा मध्ये घुसला,
आणि त्यातच तो म्हणाला:
परत बघ, पोरी. घाई नाही.
वाऱ्यासकट तेच ठेवलं.

दहा दिवसांनी रूथचा फोन.
"बाई, प्रोग्रॅम पुन्हा बिघडलाय."
"आवाज येत नाही?"
"आवाज येतो. पोरगीच सगळं चुकतेय.
काल रात्री सात आठे चाळीसदा विचारलं त्याने,
चाळीसदा पंचावन्न."

बोलताना तिच्यामागून ऐकू येत होतं,
खडखडणारी खिडकी, खिडकीतला वारा, आणि
घाई नाही.

माझ्या वहीत रकाने तीन: तारीख, बिघाड, उपाय.
तारीख लिहिली.
"एलिसेओ कधी परततोय?"
"गुरुवारी."
"मग गुरुवारपर्यंत चुकू दे," मी म्हटलं
आणि पेन खिशाला लावलं.