दोन तारे

'पाचवा कप'ला मी दोन तारे दिले.
मंगळवारची पुरवणी, पान तीन, राशिभविष्याच्या खाली.
चार मित्र, एक गॅलरी,
त्यातल्या दोघांचा एकमेकांवर जीव
आणि दोनशे बारा भाग होऊनही
"चहा घेणार?" याच्यापुढं गाडी नाही.
लिहिलं : संवाद पाणचट, उजेड दवाखान्यातला,
पार्श्वसंगीताला कुणीतरी आवरा.
आणि शेवटी, जरा चढूनच :
खऱ्या आयुष्यात इतका वेळ कुणी गप्प बसत नाही.

बुधवारी मार्केट यार्डात
भूपाल चौगुले बाहीवरची हळद झटकत म्हणाले,
"बरोबर लिवलंय. पण आमच्या घरी येऊन बोलू नका,
जेवण मिळायचं नाही."
हरभट रोडच्या पार्लरात माझं कात्रण आरशाला चिकटलेलं,
बॉलपेननं तीन तारे वाढवून.
मिरजेहून शब्बीर सतारमेकरांचा फोन :
"बाकी जाऊ द्या हो,
त्या पोरानं सतार उलटी धरलीय,
ते कसं नाही दिसलं तुम्हाला?"

शुक्रवारी एक पोस्टकार्ड.
माधवनगरचा शिक्का, नाव नाही.
"कुणी गप्प बसत नाही म्हणता.
तुम्ही विचारून बघितलंय का कुणाला?"

आयर्विन पुलावर कार्ड दोनदा वाचलं.
खाली कृष्णा. तिनं काही मत दिलं नाही.
भडंगाच्या पुडीचा कागद निघाला तीच पुरवणी,
तेच पान तीन.
तेलकट बोटानं ओळ शोधली.
ओळ नव्हती.
पार्श्वसंगीतापाशीच परीक्षण संपलेलं,
त्याखाली पाइपांच्या दुकानाची जाहिरात.

म्हणजे ती ओळ वाचली असणार एकाच माणसानं.
पान लावणाऱ्या.

रत्नप्रभा मगदूम.
अकरा वर्षं माझा मजकूर कापतात,
आणि मला माहीत काय, तर आडनाव,
डब्यातलं खर्ड्याचं लोणचं,
आणि सव्वासहाची माधवनगर बस.

"शेवटची ओळ गेली का हो?"
"जाहिरात आली ऐन वेळी."
मान वर नाही. माउसवरचा हात मात्र थांबलेला.
मी जाहिरात मोजली होती. तीन सेंटिमीटर.
ओळ बसली असती, आरामात.

पंखा तेवढा कुरकुरत होता.
घड्याळात सहा वाजून पाच.
अकरा वर्षं शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला
त्या क्षणी सुचलं काय, तर
"चहा घेणार?"

हा प्रसंग पडद्यावर असता
तर मीच एक तारा कापला असता.